सपाटीवरून ५,२८९ मीटर: नागपूरच्या गटाच्या तयारीच्या नोंदी

५ जानेवारी

लक्ष्य: फ्रेंडशिप शिखर, ५,२८९ मीटर, पीर पंजाल रांग, मनालीच्या वर. काळ: मेअखेर ते जूनचा दुसरा आठवडा, म्हणजे पाऊस हिमाचलात पोचायच्या आत. गट आठ जणांचा. काहींना बर्फावरचा अनुभव आहे, बाकीच्यांना सातपुड्यातल्या वाटांचा.

नागपूरची उंची साधारण ३१० मीटर. पुण्या-मुंबईचे गट शनिवारी रात्री बस धरतात आणि रविवारी सकाळी सह्याद्रीतला सात-आठशे मीटरचा चढ पायाखाली घालतात. आपल्या वाट्याला सेमिनरी हिल्स. तिथे पहिल्यांदा गेलेला माणूस ‘हिल्स कुठे आहेत’ असे विचारतो. म्हणून कामाची विभागणी आधीच केली. पाय, खांदे, दोरकाम, सामान आणि खाणे यांची तयारी इथे पूर्ण होऊ शकते. लांब उतार आणि थंडीतले हातकाम इथे अर्धेमुर्धे जमते. विरळ हवेची तयारी इथे होतच नाही, आणि तिच्यासाठी डोंगरावरच्या जास्तीच्या रात्रींखेरीज काहीही विकत मिळत नाही. बजेटमध्ये पहिली रक्कम त्या रात्रींसाठी बाजूला काढली. नवी जॅकेटे उरलेल्या पैशांतून.

१२ जानेवारी: जिन्याचा हिशेब

सरावासाठी सात मजली इमारतीचा जिना. मजल्याला २० पायऱ्या, पायरी १५ सेंटिमीटर, म्हणजे मजला ३ मीटर आणि एक फेरी २१ मीटर. ६०० मीटर चढाईला २९ फेऱ्या, १,००० मीटरला ४८. पायऱ्या मोजत बसू नये, डोके फिरते. खाली दोन डब्या ठेवून दर फेरीला एक चिंचोका इकडून तिकडे टाकावा.

वेग असा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. बोलणे तुटायला लागले की वेग जास्त झाला. आठवड्यातले तीन दिवस या वेगाने, एकच दिवस दमछाक होईल असा. पहिल्या महिन्यात सगळ्यांचा ओढा उलटा असतो, रोज धापा टाकायच्या आणि तिसऱ्या आठवड्यात पिंढऱ्या धरून बसायचे.

वजन ६ किलोपासून सुरू. पुढे एका आठवड्यात वजन वाढवायचे किंवा फेऱ्या, दोन्ही एकदम नाही. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या: एक लिटर म्हणजे एक किलो, आणि वर पोचल्यावर पाणी गच्चीवरच्या टाकीत ओतून रिकाम्या सॅकने उतरता येते. त्यामुळे वजनाचे फटके गुडघ्यांना बसत नाहीत. सोसायटीचे लोकही खूश, मोटर न लावता टाकी भरते.

उतरताना लिफ्ट वापरायची नाही. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना ताणला जात असताना भार झेलतो. दुसऱ्या दिवशीचे ठणके या ताणातून येतात आणि त्याची सवय उतरूनच होते. मार्चपासून उतरतानाही ५ किलो अंगावर ठेवायचे.

२६ जानेवारी: वैद्यकीय तपासणी

नेहमीच्या गोष्टी: रक्तदाब, हिमोग्लोबिन, ईसीजी, दम्याचा इतिहास, सल्फा औषधांची ॲलर्जी. दातांचा डॉक्टरही त्यात धरावा. कीड लागलेली दाढ डोंगरावर बरोबर रात्री दोनला उठते.

विदर्भातल्या गटाने यात एक चाचणी न चुकता घालावी, ती सिकलसेलची. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि वाहक असलेल्या माणसाला, म्हणजे एएस पॅटर्नवाल्याला, नागपुरात राहून आयुष्यभर काही जाणवत नाही. तो धावतो, फुटबॉल खेळतो, पचमढीजवळचा चौरागड चढतो. पण उंचीवर रक्तातला ऑक्सिजन उतरला की काही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, प्लीहेतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि प्लीहेचा काही भाग मरू शकतो. लक्षण: डाव्या बरगड्यांखाली असह्य कळ, मळमळ, उलटी, नंतर ताप. तंबूत याला हमखास ‘गॅस झाला’ म्हणतात आणि तास वाया जातात.

सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि झटपट होते, पण ती सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. माणूस वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवरून कळते. वाहक निघाल्यास उंचीवर जायचे की नाही हे रक्तविकाराच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचे, गटाच्या व्हॉट्सॲपवर नाही. अहवाल गटप्रमुखाकडे बंद पाकिटात, कारण गावात या गोष्टीवरून लग्ने मोडतात.

९ फेब्रुवारी: दोर आणि धातू

असलेले सामान बाहेर काढून तपासले. डायनॅमिक दोर दोन, स्टॅटिक एक, १०.५ मिलिमीटरचा. डायनॅमिक दोर ताणला जाऊन पडणाऱ्याचा झटका पोटात घेतो, म्हणून हिमनदीवर माणसे त्यालाच बांधायची. स्टॅटिक ताणत नाही, तो फिक्स रोपसाठी, म्हणजे उतारावर बांधून ठेवायच्या दोरासाठी. दोन्ही एकाच रंगाचे असले तर टोकांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी, नाहीतर रात्री अंधारात अदलाबदल होते.

तपासणी बोटांनी करायची. पूर्ण दोर हातातून हळू सोडत न्यायचा, मध्येच मऊ पडलेला, चपटा झालेला किंवा गाठीसारखा कडक भाग लागला की तिथे खूण. तसा भाग टोकाजवळ असेल तर कापून टाकायचा, मध्ये असेल तर दोर बाद. कधीच न वापरलेला दोरही दहा वर्षांनंतर बाद.

दोर कुठे ठेवला होता हे विचारायचे. आपल्याकडे जिन्याखालच्या कोनाड्यात इन्व्हर्टरची बॅटरी असते आणि तिथेच ‘जागा आहे’ म्हणून सॅक कोंबलेली असते. बॅटरीतल्या आम्लाचा थेंब किंवा वाफ नायलॉन खाते आणि वरून काही दिसत नाही. अशा कोनाड्यातून निघालेला एक दोर आज कुंपणाच्या कामाला दिला.

कॅराबिनरचे, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचे, आकडे त्याच्या अंगावरच कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटन किंवा जास्त, आडवे ७ च्या आसपास, गेट उघडे असताना ७ किंवा त्याहून थोडे वर. म्हणजे आडवा पडलेला किंवा उघडा राहिलेला कॅराबिनर एक तृतीयांश ताकदीचा. गेट दाबून सोडायचे. आपोआप कट्टकन मिटले नाही तर धूळ अडकली आहे. कोमट पाण्याने धुवून, वाळवून, ग्रॅफाइटची पूड. खोबरेल नको, त्यावर धूळ चिकटते.

स्लिंग, म्हणजे पट्टीचे शिवलेले फासे, दोन प्रकारच्या. डायनीमा हलकी आणि मजबूत, पण ती साधारण १४५ अंशांना वितळते, नायलॉन २०० च्या बराच वर. म्हणून प्रुसिकसाठी (भार आला की दोराला घट्ट धरणाऱ्या, एरवी सरकणाऱ्या गाठीसाठी) डायनीमा नाही, ६ मिलिमीटरची नायलॉन दोरी. दीड मीटरचे तुकडे कापून, डबल फिशरमन गाठीने फासे केले.

२३ फेब्रुवारी: मैदानातले दोरकाम

कडुलिंबाच्या खोडाला अँकर, म्हणजे दोराचा पक्का आधार. स्लिंगचे तीन वेढे, त्यातले दोन ओढून कॅराबिनरमध्ये; भार आला की उरलेला वेढा खोडाला घट्ट आवळतो.

रोज करायच्या गाठी चार: फिगर एट, क्लोव्ह हिच, अल्पाइन बटरफ्लाय, प्रुसिक. आधी उघड्या डोळ्यांनी, मग डोळे मिटून, मग जाड हातमोजे घालून. हातमोज्यात फिगर एट ४० सेकंदांत जमली नाही तर ती येत नाही असे धरायचे.

हिमभेगेत पडलेल्याला ओढण्याचा सराव ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्यावर. झेड पद्धतीत, म्हणजे दोर इंग्रजी Z सारखा वळवून ओढताना, कागदावर तिप्पट फायदा मिळतो. प्रत्यक्षात दोर नुसत्या कॅराबिनरवरून वळवला की घर्षणात बराच जातो आणि हाती पावणेदोन-दोन पट उरते. चांगल्या पुल्या लावल्या तर २.७ च्या आसपास. त्यात बर्फाच्या कडेत दोर रुततो तो वेगळाच. पोते लिंबाच्या मुळावरून ओढून पाहिले की हे लगेच कळते, तिघांनाही हलत नाही. यावरून दोन पुल्या विकत घ्यायचे ठरले आणि कडेखाली सॅक किंवा आइस ॲक्सचा (बर्फातल्या कुऱ्हाडीचा) दांडा सरकवण्याची सवय लावली.

दोरावर चालताना तिघांच्या दोरात माणसांमध्ये १० ते १२ मीटर, दोर जमिनीला जेमतेम टेकेल इतका सैल. हातात वेटोळी घेऊन चालणारा माणूस पुढचा पडला तर सगळी वेटोळी संपेपर्यंत थांबवू शकत नाही. मैदानात हे फार कंटाळवाणे दिसते आणि बघायला पोरे जमतात.

९ मार्च: चौरागड

नागपूरहून सावनेर, छिंदवाडा, मटकुली, पचमढी. महादेव गुहेपासून चौरागडची वाट. पायऱ्या हजाराच्या वर, उंची असमान, काही घसरड्या. महाशिवरात्रीच्या दिवसांत आणि नागद्वारीच्या यात्रेत इथे वेग धरून सराव शक्य नाही. विदर्भातले भाविक खांद्यावर भला मोठा त्रिशूळ घेऊन या पायऱ्या चढतात आणि बहुतेकांच्या पायांत चपला. आपले गेटर नि ट्रेकिंग पोल पाहून त्यातल्या एखाद्या आजोबांनी ‘आजारी हाये का बाबू?’ विचारले तर हसून पुढे जावे.

उपयोग असा: सलग चढ, मग सलग उतार, १२ किलो पाठीवर. दुसऱ्या दिवशी धूपगड, १,३५२ मीटर, सातपुड्यातले सर्वांत उंच ठिकाण. पाठोपाठच्या दिवसांचे ओझे हा खरा मुद्दा. पहिल्या दिवशी सगळेच चालतात.

सॅकचा कंबरपट्टा कंबरेच्या हाडावर हवा, पोटावर नको. वजनाचा मोठा वाटा कंबरेने उचलावा. खांद्याचे पट्टे आवळून चालणाऱ्याची बोटे तासाभराने मुंग्या येऊन बधिर होतात; वर तीच तक्रार थंडीची समजली जाते.

टाचेला फोड येण्याआधी जागा गरम लागते. तेव्हाच थांबून टेप लावायचा. गटाला थांबवायला लाजणारा माणूस पुढे सगळ्यांना दोन दिवस थांबवतो.

२३ मार्च: बूट आणि क्रॅम्पॉन

बुटाच्या तळव्यातला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत आणि उष्णतेत तो वापराविनाही आतून कुजतो, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते. पत्र्याच्या खोलीत दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे पडलेले बूट वरून कोरे दिसतात आणि पहिल्याच चढात तळवा सोडतात. अंगठ्याच्या नखाने मधला थर दाबायचा; चुरा पडला किंवा खळगा तसाच राहिला तर ते बूट घराबाहेर वापरायचे नाहीत. डिंक लावून मोची देईल, पण कुजलेल्या थराला डिंक काय धरणार.

भारी बूट आणि क्रॅम्पॉन (बर्फावर पकडीसाठी बुटाखाली बांधायचे धातूचे दात) मनालीत भाड्याने. इथूनच मापे आणि प्रकार लिहून पाठवले. पट्ट्यांचे क्रॅम्पॉन बहुतेक ताठ बुटांवर बसतात. मागे खटका असलेल्यांना टाचेला खाच लागते, पुढे तारेची कमान असलेल्यांना पंजालाही. बूट एका दुकानातून आणि क्रॅम्पॉन दुसऱ्यातून घेतले की ही जोडी हमखास चुकते. कसोटी सोपी: पट्टा न आवळता बूट उचलून हलवला तरी क्रॅम्पॉन पडता कामा नये. खाली बर्फ न चिकटू देणारी प्लेट हवीच. दुपारच्या ओल्या बर्फात प्लेट नसलेल्या दातांखाली किलोभर गोळा जमतो आणि मग घसरगुंडी.

६ एप्रिल: इंधन

गॅसचे कॅनिस्टर रेल्वेत आणि विमानात नेता येत नाहीत, मनालीतच घ्यायचे. कॅनिस्टरमध्ये काय मिश्रण आहे ते वाचायचे. साधा ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली, उणे अर्ध्या अंशालाच वायू व्हायचा थांबतो. आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२. म्हणून स्वस्त निव्वळ ब्यूटेनचे डबे पहाटे मुके होतात. रात्री कॅनिस्टर स्लीपिंग बॅगेत.

बर्फ वितळवण्याचा हिशेब असा. उणे ५ अंशांचा एक किलो बर्फ आधी शून्यावर आणायचा, वितळवायचा (यातच ३३४ किलोज्यूल जातात), मग उकळीपर्यंत तापवायचा. सगळे मिळून ७०० च्या आसपास. स्टोव्हची निम्मी उष्णता वाया जाते असे धरले तर लिटरला ३० ते ३५ ग्रॅम गॅस. २३० ग्रॅमच्या डब्यात साडेसहा-सात लिटर. वारा लागला तर हा आकडा कोसळतो, म्हणून वाऱ्याला आडोसा वजनात धरलाच. भांड्यात आधी थोडे पाणी हवे. कोरडा बर्फ तळाशी करपतो आणि पाण्याला जळका वास येतो.

बकरथाचला, म्हणजे खालच्या तळावर, ओढ्याचे पाणी आहे. वितळवणे फक्त वरच्या तळावर: आठ माणसे, चार लिटर प्रत्येकी, ३२ लिटर, म्हणजे दिवसाला एक ते १.१ किलो गॅस.

पाणी नागपुरात ९९ अंशांना उकळते, ३,३०० मीटरवर ८९ च्या आसपास, ४,२०० वर ८६. तूरडाळ तिथे उघड्या भांड्यात शिजायची वाट पाहणे म्हणजे निव्वळ इंधन जाळणे. कुकर किंवा मूगडाळ.

२० एप्रिल: ऊन

पारा चाळिशी ओलांडून गेला. सराव पहाटे साडेचार ते साडेसहा. जिना आता गच्चीकडून तापतो, वरचे दोन मजले रात्रभर धगधगतात. सरावाआधी आणि नंतर वजन करायचे. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. नुसते पाणी ढोसून भरून निघत नाही. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा लहान, सपाट. मीठ ‘अंदाजाने’ टाकलेले पाणी उलटी आणते.

उन्हात तयार झालेले शरीर उंचीवरही तयार असते, असा समज इथे पसरलेला आहे. घाम लवकर येऊ लागतो, रक्तातले पाणी वाढते, एवढे खरे. ऑक्सिजन कमी पडल्यावर श्वास वाढवण्याची सवय उन्हाने लागत नाही. ‘आम्ही नागपूरच्या उन्हातले’ ही फुशारकी मनालीच्या पुढे न्यायची नाही.

४ मे: खाणे

माणशी रोज ७०० ते ८०० ग्रॅम कोरडे अन्न. चार हजार मीटरच्या वर भूक मरते आणि तेलकट नकोसे होते, त्यामुळे पौष्टिक काय यापेक्षा घशाखाली काय उतरते ते पाहायचे. बसले ते: गूळ-शेंगदाणा चिक्की, सातूचे पीठ, खारे दाणे, भाजलेले पोहे, लिंबाच्या गोळ्या, मऊ खिचडी. संत्रा बर्फी थंडीत दगड होत नाही, कॅरमल चॉकलेट होते. शिखराच्या खिशात बर्फी. चिवडा वजनाला हलका पण जागा खातो, तो बकरथाचपर्यंतच. सावजी मसाला कुणीतरी हट्टाने घेतोच. एक पुडी, तीही परतीच्या जेवणासाठी, कारण तिखटाने तहान वाढते आणि तिथे प्रत्येक लिटरचा गॅस मोजलेला आहे.

११ मे: बर्फाच्या बादलीतले हात

कारखान्यातून बर्फाची लादी, अर्धी बादलीत फोडून पाणी. हात एक मिनिट बुडवून लगेच क्रॅम्पॉनचा पट्टा, हार्नेसचे बक्कल, हेडटॉर्चची बॅटरी. बोटे बधिर झाली की माणूस दाताने ओढायला जातो. शून्याखालच्या धातूला ओठ चिकटतो, ही सवय इथेच मोडायची. हार्नेसला मोठे फासे शिवून घेतले, चेनना दोरीचे तुकडे बांधले. आतले पातळ मोजे कधीच काढायचे नाहीत. ४५ अंशांच्या दुपारी हा सराव करताना बघ्यांना हेवा वाटला.

१८ मे: औषधपेटी

ॲसिटाझोलामाइड, १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि सल्फाची ॲलर्जी नसेल तरच. एक गोळी नागपुरातच घेऊन पाहायची, सराव नसलेल्या दिवशी. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा बेचव लागतो. हे ठाऊक असले की वर घाबरगुंडी उडत नाही.

डेक्सामेथासोन मेंदूच्या सुजेसाठी, निफेडिपीन फुप्फुसात पाणी भरल्यावर. मात्रा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन पेटीच्या झाकणाला आतून चिकटवल्या. दोन्ही औषधे आजारी माणसाला खाली उतरवता यावे म्हणून. ती घेऊन वर जायचे नाही.

रोज सकाळ-संध्याकाळ लेक लुईस तक्ता: डोकेदुखी, पोट, थकवा, चक्कर, प्रत्येकी शून्य ते तीन. डोकेदुखीसह बेरीज तीन किंवा जास्त म्हणजे उंचीचा आजार, त्या दिवशी वर जाणे बंद. शिवाय टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालणे. तोल गेला तर मेंदूला सूज धरून रात्र असो की पाऊस, लगेच खाली. ऑक्सिमीटर कोविडच्या वर्षांपासून घरोघरी आहेत. थंड बोटावर ते थापा मारतात, आधी हात काखेत गरम करायचा. आकडा एकदाच पाहून निर्णय नाही. कालच्यापेक्षा आज किती आणि माणूस दिसतो कसा, हे दोन्ही.

उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने पाठवलेले यंत्र घरीच राहिले.

२८ मे: प्रस्थान

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू. रेल्वेने दिल्ली, पुढे बसने मनाली. स्लीपिंग बॅग दाबून न ठेवता मोठ्या पिशवीत सैल. अंगावरचे कपडे सुती चालतील, सॅकमधला एकही नको. सुती कापड घाम धरून ठेवते आणि थांबलो की गारठवते.

३१ मे: मनाली, २,०५० मीटर

दोन रात्री. वाटाघाटी संपल्या. एजन्सीच्या ठरीव कार्यक्रमात बकरथाच आणि त्यावरच्या लेडी लेग तळाला एकेकच रात्र होती. दोन्हीकडे दुसरी रात्र जोडून घेतली, त्याचे पैसे वेगळे. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून धुंदी या ठिकाणापर्यंत चांगला रस्ता झाला आणि पहिल्या दिवसाची चाल गाडीत संपते. सोय झाली, पण शरीराला मिळणारे ते तासही गेले.

भाड्याच्या बुटांत दोन जोड्यांची टाच क्रॅम्पॉनच्या खटक्यात बसत नव्हती. दुकानातच लक्षात आले, बदलून घेतल्या.

३ जून: बकरथाच, ३,३०० मीटर

दुसरी रात्र. दिवसा ब्यास कुंडाकडे चालून परत. वर जायचे, झोपायला खाली यायचे. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, या एकाच नियमावर सगळा आराखडा उभा आहे. तक्त्यात दोघांची बेरीज काल तीन होती, आज एक. दुसरी रात्र नसती तर दोघेही परत फिरले असते.

५ जून: लेडी लेग, सुमारे ३,८०० मीटर

बर्फाचा सराव. घसरल्यावर आइस ॲक्सने थांबणे: पाते खांद्याखाली, छाती दांड्यावर, गुडघे बर्फात, आणि क्रॅम्पॉन असतील तर पावले वर उचललेली. दात रुतले तर घोटा मोडतो किंवा माणूस उलटा फेकला जातो. पोटावर, पाठीवर, डोके खाली, तिन्ही प्रकारे. हे नागपुरात होत नाही. चटईवर नुसती हातांची जागा शिकता येते.

सनस्क्रीन नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीखालीही. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे परत फेकतो. डोळ्यांची आग काही तासांनी सुरू होते, तोवर नुकसान झालेले असते. ढग आले म्हणून गॉगल काढायचा नाही.

७ जून: वरचा तळ, सुमारे ४,२०० मीटर

शिखरापर्यंत १,०८९ मीटर. जिन्यावर १० किलो घेऊन ताशी ३०० मीटरचा वेग होता. इथे १४० धरला. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. हिशेबाने पावणेआठ तास. निघणे रात्री साडेबाराला, परत फिरण्याची वेळ सकाळी साडेनऊ, कुठेही असलो तरी. कारण उन्हाचे: साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार हिमस्खलनाचे, आणि ऊन चढले की ओला थर सुटतो, हिमभेगांवरचे पूलही मऊ पडतात.

८ जून

आकाश मोकळे, बर्फ कडक. तीन दोर, म्हणजे एकेका दोराला बांधलेल्या तीन तुकड्या. पहिले दोन ८.४० च्या सुमारास शिखरावर. तिसरा ४,९५० च्या आसपास असताना वेग ताशी ९० वर आला, साडेनऊपर्यंत पोचणे हिशेबात बसेना, गाइडने तिथूनच फिरवला. कुणीही आजारी नव्हते. तळावर पोचेपर्यंत बर्फ गुडघाभर मऊ झालेला. उतारावर मांड्यांनी साथ दिली ती जिन्यावरच्या उतरण्यामुळे. लिफ्टने खाली येणारे दोघे कोण, हे शेवटच्या तासात सांगावे लागले नाही.

१५ जून: नागपूर

तंबू आणि दोर सावलीत, पंख्याखाली वाळत. पावसाळी हवा सुरू झाल्याने दोन दिवस जास्त लागतील. क्रॅम्पॉनचे दात गटाच्या मालकीच्या दोन जोड्यांचे घासून धार काढली, हाताने, कानशीने. ग्राइंडरने धातू तापून मऊ पडतो. गॅसचा लिटरला ३५ ग्रॅमचा अंदाज कमी पडला, वाऱ्यामुळे प्रत्यक्षात लिटरला ४५ लागले. पुढच्या हिशेबात ५० धरणे. बर्फी पुरली. चिक्की उरली, ती पोरांनी संपवली. एका पुलीची बेअरिंग वाळूने अडते आहे, बदलणे. दोर इन्व्हर्टरपासून लांब, कपाटात वरच्या खणात.